पारूबाईच्या हाताचा गुण

पदमपुऱ्यात कुणाचंही डोकं मागून बघितलं तरी पारूबाई सांगते की ते तिच्या हाताखालून गेलंय की नाही. नीट गोल असलं तर तिचं. चपटं असलं तर आईबापांनी दुसरी बाई लावली होती, मग भोगा म्हणावं. बँकेतला साहेब असो नाहीतर नगरसेवक, ती त्याला भर रस्त्यात थांबवते आणि सोबतच्या माणसाला सांगते, "ह्याला म्या न्हाऊ घातलंय. लई रडका व्हता." साहेब कसनुसं हसतो आणि पाय उचलतो. पण कोपरा ओलांडला की डोक्यामागून एकदा हात फिरवतो, हे बघणाऱ्यांनी बघितलंय.

माहेर देवगाव रंगारीचं, शेतकऱ्याच्या घरचं. लग्न होऊन शहरात आली तेव्हा सासू घरोघर बाळंतिणींची मालिश करत फिरायची. सासूच्या मागं तेलाची वाटी धरून चालता चालता पारूबाई हा हुन्नर शिकली, आणि पुढं पुढं बोलावणी सासूला सोडून तिलाच यायला लागली. बाळाची अंघोळ, बाळंतिणीची शेगडी, ओव्याची धुरी, म्हाताऱ्यांचे आखडलेले गुडघे, लचकलेली कंबर, सगळं तिच्याकडं. त्यातही शेक म्हणजे पारूबाईचाच. तव्यावर वाळू तापवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात तिची पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग दुखऱ्या जागेवर अशी फिरवायची की माणूस बोलता बोलता झोपी जावा. "पारूबाईच्या हाताला गुण आहे," असं सगळा पदमपुरा म्हणायचा. सगळ्यात जास्त वेळा ते पारूबाई स्वतःच म्हणायची. नम्रता ही तिच्या मते काम न येणाऱ्या बायांची सोय होती.

दुसऱ्या बाईच्या हाताला मात्र तिनं कधी चांगलं म्हटलं नाही. सारजाबाई वर्षानुवर्षं तिच्या हाताखाली राबली. एकदा तिनं लाजत लाजत विचारलं, "बाई, माहा हात कसाय?" पारूबाई म्हणाली, "दोन हायेत, अन् जागच्या जागी हायेत." विषय तिथंच संपला.

अशा ह्या बाईच्या हातानं एक दिवस एक माणूस मरणाच्या दारात जाऊन उभा राहिला.

माणूस म्हणजे बद्रीनाथअण्णा. गल्लीतल्या शिवराजचे वडील; शिवराजचं आजोळ इथलंच, त्याचा जन्मही इथलाच. खुलताबादेकडं शेती केलेला दांडगा गडी, पण कॅन्सर पाठीच्या मणक्यापर्यंत गेला आणि अण्णा मुलाच्या घरी अंथरुणाला खिळले. दुखणं असं की शेजारच्या घरात जेवणाऱ्याचा घास अडकायचा. त्यांना बघायला डॉक्टर चारुता यायची. बऱ्या न होणाऱ्या आजारातलं दुखणं तेवढं हलकं करणारी एक लहानशी संस्था आहे, तिथं ती काम करते. तिचं नाक लहानपणी आपणच चिमटून चिमटून सरळ केलं असं पारूबाई म्हणते, आणि चारुता नाही म्हणत नाही. तर ह्या चारुतानं अण्णांच्या पाठीवर औषधाची पट्टी लावली. अफूच्या जातीचं औषध, कातडीतून हळूहळू अंगात उतरणारं. एक पट्टी तीन दिवस चालायची. काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे तिनं शिवराजला दारात उभं करून समजावलं. शिवराज चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर, कामावर निघायच्या घाईत. "हो हो, मॅडम," म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली.

पट्टीनं दुखणं निम्म्यावर आलं, पण पाठ गारठते ही अण्णांची तक्रार काही जाईना. तेव्हा शिवराजच्या बायकोनं, मंजुषानं, पारूबाईला बोलावलं. पारूबाईनं पाठीवरची पट्टी बघितली. मेडिकलमध्ये कंबरदुखीला मिळते तसलीच असणार, असं तिनं धरलं. आणि आपल्याकडं लेप लावला की वरून शेक द्यायचा, म्हणजे औषध आत मुरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं वाळू तापवली, मनगटाला लावून बघितली आणि पट्टीवरूनच चांगला ऐसपैस शेक दिला.

मुरलं. चांगलंच मुरलं. तीन दिवस पुरवायचं औषध त्या उबेनं घाईघाईनं अंगात शिरलं. अण्णांचे डोळे मिटले आणि घोरणं सुरू झालं. घरात आनंदीआनंद. मंजुषानं खिडकीचा पडदा ओढला, टीव्ही बंद केला. "मावशी, किती दिवसांनी असे झोपले हो! खरंच तुमच्या हाताला गुण आहे," ती म्हणाली. पारूबाईनं चहा घेतला आणि बद्रीनाथाला म्या झोपवलं, बद्रीनाथाला म्या झोपवलं, असं गल्लीभर सांगत ती घरी गेली.

चारुता त्या दुपारी फेरीवर होती म्हणून निभावलं. दारातूनच तिला ते घोरणं ऐकू आलं आणि ती चपलेसकट आत पळाली. झोप नव्हतीच ती. एक श्वास गेला की दुसरा यायला फार वेळ लागत होता. ओठ जांभळे पडले होते. पापणी वर करून बघितली तर डोळ्याची बाहुली मोहरीएवढी. तिनं पट्टी उपटली, पाठ ओल्या फडक्यानं पुसली, पिशवीतून नॅलोक्सोनची कुपी काढली आणि सुई टोचली. अफूच्या जातीचं औषध जास्त झालं तर त्यावरचा हा उतारा. हळूहळू श्वास भरून यायला लागला. अण्णांनी डोळे उघडले, दुखणं परत जागं झालेलं त्यांना कळलं, आणि त्यांनी पहिलं काम काय केलं तर चारुताला एक सणसणीत शिवी हासडली. ती शिवी ऐकून चारुताला आनंदानं रडू आलं.

पण गल्लीत बातमी पोचली ती एवढीच, की पारूबाईच्या शेकानं अण्णा गेले होते, डॉक्टरीणबाईंनी परत आणले. मंजुषा घाबरलेली होती, तिनं नळावर सांगितलं. नळावर सांगितलेलं घरोघर जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून बोलावणी बंद. ज्या घरात नातवंडाची अंघोळ ठरली होती, तिथून निरोप आला, आम्ही दुसरी बाई बघितली. ज्यांची डोकी तिनं गोल केली होती, ते समोरून येताना मोबाईलमध्ये बघायला लागले. सारजाबाईसुद्धा दोनदा येते म्हणून आली नाही.

पारूबाईला पोटाची चिंता नव्हती. मुलगा कमावता होता, सून धड होती. पण पारूबाई म्हणजे तिचा हात, आणि तोच लोकांनी खोटा ठरवला. तिनं वाळूचा तवा भिंतीला उलटा लावून ठेवला. जी बाई एका जागी बसायची नाही, ती उंबऱ्याला टेकून दिवस काढायला लागली. आपल्या हातानं माणूस मेला असता, हे तिच्या मनात रात्रंदिवस फिरत होतं. त्याहून आत एक दुसरीच गोष्ट सलत होती. का, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी ती उठली, पायात चप्पल अडकवली आणि तडक चारुताच्या संस्थेत गेली. भांडायलाच गेली होती.

"चारू, खोट तुह्या पट्टीत हाय. माह्या शेकानं आजवर कुणाच्या केसाला धक्का लागला नाय."

चारुतानं तिला खुर्ची दिली. पट्टी हातात देऊन सगळं सांगितलं. हे औषध कसलं, ऊब लागली की ते कातडीतून कसं भसाभसा शिरतं, जास्त झालं की माणसाला श्वास घ्यायचीच आठवण राहत नाही. मग म्हणाली, "मावशी, तुमचा दोष नाही. शेक द्यायचा नाही, गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, हे मी शिवराजला सांगितलं होतं. त्यानं घरात सांगायला हवं होतं."

पारूबाईनं हातातली पट्टी परत चारुतापुढं ठेवली. आता ही बाई बाहेर पडेल, पदमपुऱ्याच्या चौकात उभी राहील आणि शिवराजचं नाव घेऊन असा काही बोभाटा करेल की विचारू नका, असं तिला ओळखणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. चारुतालाही वाटलं. पण पारूबाई म्हणाली, "हे दुसऱ्या कुणाला सांगू नको. बाप मरायला टेकलाय त्याचा. त्याला चव्हाट्यावर उघडं पाडून माहा हात धुऊन निघणार हाय व्हय?"

मग तिनं विचारलं, "तू टोचलं ते काय व्हतं?"

"उतारा. नॅलोक्सोन म्हणतात."

"मंग ते तुह्या पिशवीत काहून? पट्टी घरात, चूक घरात, अन् उतारा पिशवीत. तू त्या दिवशी दुसऱ्या गल्लीत असतीस तर? आग लागल्यावर विहीर खणता व्हय तुमी लोक?"

चारुता हसली नाही. कारण हेच भांडण ती स्वतः वरच्या लोकांशी कधीपासून भांडत होती. सुई टोचणं घरच्यांना जमत नाही. नाकात मारायचा फवारा असतो, तो जमतो. तो पट्टीबरोबर प्रत्येक घरात द्यावा आणि गल्लीगल्लीत ठेवावा, असं तिचं म्हणणं. त्याच्या परवानगीसाठी तिनं किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले ते वेगळं रामायण आहे, ते इथं नको. पण परवानगी आली, फवारे आले, तरी गाडं अडलं ते तिसऱ्याच ठिकाणी. लोक घेईनात. घरात विषावरचा उतारा ठेवायचा म्हणजे विषाला आवतण दिल्यासारखं, असं म्हणून म्हाताऱ्या बाया डबी परत करायच्या.

"माह्याकडं दे," पारूबाई म्हणाली. "बघते कोण घेत नाय ते."

आणि ती घरोघर जायला लागली. ज्या दारांनी तिला बोलावणं बंद केलं होतं, त्याच दारांत जाऊन उभी राहायची आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायची, "माह्या हातानं बद्रीनाथअण्णा मरत व्हते. कसे, ते ऐकून घ्या. म्हंजी तुमच्या हातानं तुमचं मानूस मरायचं नाय." दार लावायला निघालेली बाई तिथंच थांबायची. स्वतःची बेइज्जत स्वतःच्या तोंडानं सांगणाऱ्या माणसासमोर दार लावता येत नाही.

सारजाबाई परत आली. मालिश करणाऱ्या बाकीच्या बायाही पारूबाईनं गोळा केल्या आणि सगळ्यांकडून शपथ घेतली, की शेक द्यायच्या आधी अंगावर पट्टी आहे का ते विचारायचं, कपडा वर करून बघायचं, आणि असली तर नुसतं तेल लावून यायचं.

मग गणपती मंडळाच्या सभागृहात शिकवणं सुरू झालं. नळाला पाणी यायचा दिवस सोडून, कारण आपल्या शहरात पाणी आठ-आठ दिवसांनी येतं आणि त्या दिवशी प्रत्यक्ष देव आला तरी त्याला म्हणतील, आधी ड्रम भरू द्या. चारुताकडं शिकवायला रबरी पुतळा नव्हता. पारूबाईनं बाजारातून मोठा लाल भोपळा आणला, त्याला कुंकवानं नाक, डोळे, तोंड काढलं आणि नाकाच्या जागी सुरीनं दोन भोकं पाडली. एका बाईनं त्याला नवऱ्याचं नाव ठेवलं आणि हसून हसून सभागृह दणाणलं. पण शिकल्या सगळ्या.

"आधी हाक मारायची. नाय उठला तर छातीच्या हाडावर मूठ घासायची, जोरात, लाज नाय धरायची. मोठमोठ्यानं घोरतोय, ओठ निळे पडलेत, बाहुली मोहरीएवढी हाय, तर ती झोप नव्हं. अंगावर पट्टी असंल तर काढून फेकायची. मान मागं, नाकपुडीत नळी, अन् दाबायचं. एकशेआठला फोन. तोवर कुशीवर घालायचं, दूध पाजल्यावर लेकराला घालतो तसं, मागं उशी लावून. उलटी झाली तर घशात जाणार नाय. अन् उठला म्हून सोडायचं नाय. उतारा आधी उतरतो, इख मागं ऱ्हातं."

मंजुषा मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. पहिल्या दिवशी मान खाली होती. पारूबाईनं तिलाच पुढं बोलावलं. "ये. भोपळा चावत नाय." मंजुषाचा हात इतका थरथरत होता की नळी नाकाऐवजी कुंकवाच्या डोळ्यात गेली. पारूबाई म्हणाली, "डोळा फोडलास. परत." तिनं मंजुषाकडून ते इतक्या वेळा करून घेतलं की बाकीच्या बायांना तिची दया आली. तो भोपळा नंतर सारजाबाईनं घारग्यांना वापरला.

खरा वाद झाला तो पेटीवरून. कडूबाच्या पिठाच्या गिरणीत सगळी गल्ली येते, म्हणून गिरणीच्या भिंतीवर उताऱ्याची लाल पेटी लावायचं चारुतानं ठरवलं. त्यावर मंडळाची बैठक बसली आणि शिवराज उभा राहिला. एव्हाना अण्णांना नीट पट्ट्या चालू होत्या, दुखणं आवाक्यात होतं, शिवराजही चारचौघांत बोलायला लागला होता.

"आजारी माणसांच्या घरात द्या, त्याला ना नाही. पण रस्त्यावर पेटी कशाला? मैदानामागं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पिणारी पोरं बसतात, त्यांना तर रानच मोकळं. प्या, पडा, वर फुकट औषध तयार. आणि लावायचीच असेल तर कुलूप लावा. किल्ली माझ्याकडं ठेवा, मी जबाबदारी घेतो."

पाच-सात माना डोलल्या. कडूबाही म्हणाला, "कुलूप बरंच हाय. चोरीला गेलं तर माह्या डोक्याला ताप."

पारूबाई उठली. "शिवराजा, तू जन्मला तव्हा तुहं डोकं दुधी भोपळ्यावानी लांबुळकं व्हतं. ते म्या गोल केलं. आत काय भरलं ते माह्या हातात नव्हतं."

हशा पिकला. शिवराजचे कान लाल झाले. पण पारूबाई हसत नव्हती.

"मैदानामागं बसतात ती पोरं कुणाची हायेत? आभाळातून पडली? त्यातल्या निम्म्यांना म्या ह्या मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय. एकेकाची टाळू भरून काढलीय तेलानं. आता ती वाईट झाली म्हून मरू देऊ? मरनारा आधी वाचव, मंग मुस्काटात मार, मी बी मारीन. अन् कुलूप लावायचं असंल तर पेटी नका लावू. ज्याच्या घरात मानूस निळं पडतंय, त्यानं किल्ली हुडकत फिरायचं व्हय? चोरून चोरून काय चोरतील? जीव वाचवायचं औषध? चोरू द्या."

तिच्या जिभेवर शिवराजला गप्प करणारी आणखी एक गोष्ट होती. चारुताचं तिच्याकडं लक्ष होतं. पारूबाईनं ती गोष्ट गिळली आणि खाली बसली.

पेटी लागली. गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर, नुसत्या कडीची. कडूबा रोज तिच्यावरचं पीठ पुसायचा आणि पुसताना पुटपुटायचा.

थंडी पडायला लागली तेव्हा अण्णा गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते, आदल्या संध्याकाळी नातवाबरोबर अर्धा कप चहा प्याले. न ओरडता गेले, हे चारुताचं मोठं काम. अण्णांच्या उशाशी ठेवलेला फवारा तिनं दुसऱ्या आजाऱ्याच्या घरी दिला आणि उरलेल्या पट्ट्या परत करा, असं घरच्यांना सांगितलं. पण दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कपाटाचा तो खण कुणी उघडलाच नाही. निदान मोठ्यांपैकी कुणी नाही.

नातू सत्यम कॉलेजात होता. आजोबाच त्याचं सगळं. मैदानामागं बसणाऱ्या पोरांत तो कधी जाऊन बसायला लागला, हे शिवराजला ठाऊक नव्हतं. मंजुषाला शंका होती, पण आईची शंका ही आधी स्वतःशीच खोटं बोलते.

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. भर दुपार. गल्लीत मोटारी सुरू, पाइप टाकलेले, बायांचा आरडाओरडा. शिवराज चितेगावला कामावर. मंजुषा वरच्या टाकीत पाइप सोडून जिन्यानं खाली येत होती, तेव्हा सत्यमच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. दुपारी झोपलेलं तरणं पोर घोरत होतं, एवढंच. एक पायरी ती उतरलीही. मग तिचा पाय तिथंच थिजला. हे घोरणं तिनं ऐकलं होतं. हे ऐकून तिनं एकदा पडदा ओढला होता, टीव्ही बंद केला होता आणि आनंदानं चहा टाकला होता.

ती आत गेली. हाक मारली. छातीवर मूठ घासली. ओठांचा रंग बघितला. शर्ट वर केला तर पोटावर अण्णांची पट्टी होती, शेजारी दुसरी होती. तिनं दोन्ही ओरबाडून काढल्या, कातडी पुसली, शेजारणीला हाक मारून एकशेआठला फोन करायला सांगितलं आणि अनवाणी धावत सुटली. पाइप तसाच, टाकी वाहत होती.

गिरणी बंद होती. कडूबा जेवायला घरी गेला होता, शटर खाली होतं. पण पेटी बाहेरच्या भिंतीवर होती आणि तिला नुसती कडी होती.

पारूबाईला कळलं तेव्हा ती पलीकडच्या गल्लीत ड्रम भरत होती. तिनं पाइप टाकला आणि निघाली. गुडघे दुखतात तिचे आता, पण त्या दिवशी तिला जाताना ज्यांनी बघितलं ते म्हणतात की म्हातारी पळत होती. वाटेत गिरणीवरची पेटी उघडी दिसली, आणि कडीला हात न लावताच तिला समजलं. जिना चढून ती खोलीत शिरली तेव्हा तिच्या ओठांवर शिकवलेलं सगळं होतं. हाक मार, मान मागं, नाकपुडीत नळी.

काहीच करायचं उरलं नव्हतं. सत्यम कुशीवर होता, पाठीमागं उशी लावलेली, तोंड पुसलेलं. ओठांवर रंग परत येत होता. मंजुषा एका हातानं त्याची हनुवटी धरून बसली होती आणि दुसऱ्या हातात दुसरा फवारा तयार ठेवला होता, लागला तर म्हणून. पोरानं डोळे उघडले, आईकडं बघितलं आणि पलंगावर भडाभडा ओकला. "ओक रे माह्या राजा," पारूबाई म्हणाली आणि पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं की धोका टळला. पुढं त्याला नशा सोडवायच्या डॉक्टरांकडं न्यायचं चारुतानं ठरवून टाकलं. शिवराज कारखान्याच्या कपड्यांतच धावत आला होता. लेकाला बघून तो बाहेरच्या बाकावर पारूबाईशेजारी येऊन बसला. 

"मावशी, कुलूप असतं तर... किल्ली माझ्या खिशात असती. चितेगावला."

 टोमणा मारायची एवढी मोठी संधी तिला उभ्या जन्मात मिळाली नव्हती, आणि ती तिनं जाऊ दिली.

"आणि अण्णांच्या वेळेला..." तो म्हणाला. "पट्टीवर शेकायचं नाही म्हणून चारुताताईंनी मला सांगितलं होतं. मी घरात बोललोच नाही. तुमचं नाव खराब झालं, आणि मी गप्प बसलो."

"ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. जा, लेकाजवळ बस."

शिवराज उठून गेला. आत मंजुषा बसली होती, ती बाहेर आली आणि पारूबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून आता कुठं रडायला लागली. "मावशी, तुम्ही नव्हता तिथं. माझा हात इतका थरथरत होता. तुम्ही असता तर..."

"मी नव्हते," पारूबाई म्हणाली. "तू व्हतीस."

मग तिनं मंजुषाचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तळहात वर केला, अंगठा दाबून बघितला, बोटं एकेक सरळ केली, तान्ह्या बाळाची करते तशी. सारजाबाई डबा घेऊन आलेली होती, ती जवळच उभी होती. तिच्या देखत हे घडलं म्हणून खरं मानायचं.

"मंजे," पारूबाई म्हणाली, "तुह्या हाताला गुण हाय."

सारजाबाईच्या हातातला डबा पडता पडता राहिला.

घरी जाताना पारूबाई पदमपुऱ्यात वाटेवर भेटेल त्याला थांबवत होती. भाजीवाल्याला, रिक्षातून उतरणाऱ्या बँकेच्या साहेबाला, गिरणीवरच्या पेटीत नवे फवारे ठेवणाऱ्या कडूबाला. छाती पुढं, पदर खोचलेला, आवाज तोच गल्लीभर जाणारा. एरवी तिची प्रत्येक गोष्ट "म्या" ह्या शब्दानं सुरू व्हायची. त्या दिवशी ती म्हणत होती, "आपल्या मंजीनं पोरगं परत आणलं. आपल्या मंजीनं."